रेंज फुल, नेट गुल : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांस खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

भोर, पोलादपूर, अकोले, जव्हार या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर घरातलं नेट म्हणजे सिमचा राऊटर. फायबर आलं तरी ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत. पुढे चार घरांसाठी दोन किलोमीटर केबल ओढणं कुणालाच परवडत नाही. हे राऊटर-अँटेना बसवणं हेच आमचं काम, आणि त्यातून एकच मागणी पुढे येते: खेड्यातलं मोबाईल नेट रेंजवर मोजू नका, रात्री नऊ वाजता मोजा.

हिशेब सरळ आहे. टॉवरच्या एका सेक्टरला, म्हणजे एका दिशेच्या भागाला, २० मेगाहर्ट्झ रुंदीचं ४जी असेल तर कागदावर १५० एमबीपीएस होतात. डोंगराआडची, कडेची घरं धरली की सगळ्यांना मिळून जेमतेम ३०-४० निघतात. टीव्हीवर स्वच्छ चित्र हवं तर एका घराला ५ लागतात. म्हणजे सात-आठ टीव्ही लागले की सेक्टर संपला, आणि त्याच सेक्टरवर वाडीतले सगळे फोनही असतात. दुपारी दोनला स्पीड तपासणाऱ्याला २५ दिसतात, रात्री नुसतं चक्र फिरत राहतं. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली, चांगलं झालं. पण ते २ किती वाजता मिळायला हवेत?

दुसरी गाठ टॉवरच्या पाठीमागे आहे. घाटातले बरेच टॉवर फायबरने नव्हे, डिशने (बिनतारी) पुढच्या टॉवरला जोडलेले असतात, आणि तीन-चार टॉवरांचा भार त्या एकाच दुव्यावर येतो. आषाढातल्या झोडपणाऱ्या पावसात वरच्या फ्रिक्वेन्सीचा हा दुवा मंदावतो. फोनवर कांड्या पूर्ण, नेट शून्य. ऑगस्ट २०२३ मध्ये पंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटच्या सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. त्या फायबरचा एक फाटा पंचायतीजवळच्या टॉवरला द्या, कंपनी कुठलीही असो. एका टॉवरला फायबर मिळालं की त्याच्या आवाक्यातल्या सगळ्या घरांचा दुवा एकदम मोकळा होतो. आम्हाला विचाराल तर नवे टॉवर उभारण्याआधी हे व्हावं.

आता घराकडचं. इथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या राऊटरला सिग्नल जवळजवळ पोचतच नाही, जांभ्याच्या जाड भिंतीही बराच खातात. फोनवरच्या कांड्यांऐवजी आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या जोराचा, आकडा पाहावा: उणे ९०च्या आसपास उत्तम, उणे ११०च्या खाली गेलं की छपराबाहेर अँटेना हवीच. दुकानदार एक अँटेना आणि १० मीटर पातळ आरजी-५८ केबल देतो. १८०० मेगाहर्ट्झला एवढ्या केबलमध्ये ८ डेसिबलच्या आसपास गळतात, म्हणजे सिग्नलचा सहावा हिस्सा उरतो. अँटेनेने कमावलेलं केबलने घालवलं. शिवाय ४जीला दोन अँटेना लागतात, एकमेकींना काटकोनात तिरक्या. एकच लावली की दुसरी वाट बंद.

बरं पडतं ते असं: पाणी न शिरणाऱ्या डब्यातला बाहेरचा राऊटर दीड इंची जीआय पाइपवर टॉवरच्या दिशेने बसवायचा, वीज आणि डेटा दोन्ही एकाच कॅट-६ वायरमधून खाली आणायचं. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. पाइपला अर्थिंग द्यायचंच, वळवाच्या विजा कुणाची गय करत नाहीत. राऊटरमध्ये बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) निवडण्याची सोय हवी, नाहीतर तो ८५० मेगाहर्ट्झचा बँड धरून बसतो. हा बँड लांबवर ऐकू येतो, पण त्याची रुंदी बहुधा ५ किंवा १० मेगाहर्ट्झच. १८०० किंवा २३०० कमी जोरात ऐकू येऊनही दुप्पट देतात. कंपन्यांचे फुकटचे राऊटर ही सोय क्वचितच देतात. घरगुती जोडणी विकणाऱ्याने बाहेरचं यंत्र द्यावं आणि ते बसवतानाचा आरएसआरपी बिलावर लिहून द्यावा, असा नियम करा. मग सिग्नल वाढवायला लावलेले बेकायदा बूस्टरही आपोआप कमी होतील. एका घरातला बूस्टर अख्ख्या सेक्टरमध्ये गोंगाट घालतो.

वीज गेल्यावर राऊटरचा प्रश्न फार मोठा नाही. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी १० वॉटचा राऊटर पाच-सहा तास ओढते. टॉवर मात्र तेवढा टिकत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार जिल्ह्याची सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला सवलत मिळते. एका खोऱ्यातला टॉवर तीन दिवस बंद राहिला तरी जिल्हा चालूच असतो, त्यामुळे त्या खोऱ्याला सवलत नाही. त्याच नियमांनी कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळांवर आले. त्यांत ४जी-५जीचे रंग दिसतात. त्याच नकाशावर टॉवरनिहाय रात्री ७ ते ११चा सरासरी वेग आणि महिन्यातले बंद तास टाका.

राहता राहिला डेटाचा कोटा. रोज २ जीबी ही फोनची मोजणी आहे. ३ एमबीपीएसने तासभर टीव्ही पाहिला की १.३५ जीबी गेले. कोटा संपला की ६४ केबीपीएस, त्यावर मुलीचा ऑनलाइन तास चालत नाही. लावणीच्या दिवसांत न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता बुडतो. जिथे फायबर नाही तिथे राऊटरच्या सिमला महिन्याचा कोटा द्यायला लावा. तेच ६० जीबी, पण घराच्या हिशेबाने.

यातल्या नकाशाच्या कामाला नवा निधी लागत नाही, कंपन्यांकडे हे आकडे तासातासाचे असतात. सुरुवात महाराष्ट्र परिमंडळातल्या एका डोंगरी तालुक्यापासून करा, पावसाळ्यात.

आपले,
वाड्यावस्त्यांवर राऊटर-अँटेना बसवणारे तंत्रज्ञ