मांडवी खाडीतील ताईंना नाशिकहून आभारपत्र

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत आपण आम्हां मायलेकींना कांदळवन, म्हणजे खाडीकाठचे ते खारफुटीचे जंगल, दाखवलेत, त्याबद्दल हे पत्र. धक्क्यावर निरोप घेताना आभार मानले होतेच; परंतु घाईत बरेच बोलायचे राहून गेले.

माझी आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार, आणि सारा जन्म गोदाकाठी जाऊनही होडीत कधी न बसलेली. आपण तिला लाइफ जॅकेट घातलेत, हाताला धरून होडीच्या मधोमध बसवलेत आणि तिची भीती मोडेपर्यंत वल्ह्याला हात लावला नाहीत. भरती पूर्ण चढण्याआधीची वेळ आपण मुद्दाम निवडली होती, म्हणून काठाचा चिखल उघडा होता आणि त्यावर सरपटणाऱ्या, मधूनच टुणकन उडी मारणाऱ्या निवट्या, ते चिखलातले इवलेसे मासे, आईला डोळे भरून पाहता आल्या. हाताने वल्हवलेल्या होडीचा आवाज तो किती! तिवराच्या फांदीवरचा खंड्या आम्ही अगदी जवळ पोहोचलो तरी जागचा हलला नाही. तिथे आपण वल्हे चिखलात रोवून होडी थांबवलीत आणि एक शब्दही बोलला नाहीत. नांदूर मध्यमेश्वरला मी वर्षानुवर्षे पक्षी पाहायला जाते, त्यामुळे असे गप्प राहणे किती दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे.

मग आपण तिवराचे एक पान आईच्या हातावर ठेवून चाखायला सांगितलेत. मुळांतून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, हे मी पुस्तकात वाचले होते. आईला ते जिभेवर कळले. कांदळाची लांब हिरवी शेंग दाखवून आपण म्हणालात, की हे बी झाडावर असतानाच रुजते आणि मग खाली पडून चिखलात उभे राहते किंवा पाण्याबरोबर दूर जाते. त्यावर आई उत्स्फूर्तपणे म्हणाली, “म्हणजे लेक वाढवूनच सासरी धाडते!” आपण दोघी किती वेळ हसत होतात.

राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. हे सारे आवश्यकच आहे. तरीही कोळंबी आणि खेकड्यांची पिल्ले ज्या मुळांच्या आडोशाने वाढतात, ती मुळे तोडू नयेत हे आमच्यासारख्या घाटावरच्या माणसांना पटते ते आपल्यासारख्या, त्याच खाडीवर पोट असलेल्या बाईने दाखवले म्हणजे. आपल्या बोलण्यात उपदेश कुठेच नव्हता, होती ती फक्त माहिती आणि माया.

आता धाकट्या मावशीलाही यायचे आहे. भरतीची सोयीची वेळ आपण कळवावी, त्याप्रमाणे आम्ही नाशिकहून निघू.

आपली कृतज्ञ,
नाशिकची एक पक्षिनिरीक्षक