मंत्रिमहोदय, पान १७ वरचा तो माणूस राजदूत नव्हता

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२७ मध्ये सोलला जागतिक युवा दिन, म्हणजे कॅथलिक तरुणांचा जागतिक मेळावा, भरतो आहे. वसई, मुंबई, गोव्याकडची बरीच तरुण मुले तिकडे निघायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी आपल्या खात्याने कोरियातल्या ख्रिस्ती इतिहासावर मराठीत पुस्तिका काढली, याबद्दल आभार.

आभार इथे संपतात. पहिल्या आवृत्तीच्या प्रकाशनाला आम्ही पान १७ आपल्या हातात दिले होते. पंधरा दिवसांत दुरुस्ती होईल, असे आपण माइकवरून सांगितले आणि टाळ्याही घेतल्या. गेल्या आठवड्यात दुसरी आवृत्ती हाती आली. पान १७ जसेच्या तसे आहे. बदल झाला तो पान ३ वर: आपले छायाचित्र अर्ध्या पानाचे होते, आता पूर्ण पानाचे झाले आहे.

त्या पानावरचे वाक्य असे आहे: ‘कोरियाच्या राजाचे राजदूत चोंग हासांग यांनी समुद्रमार्गे पीकिंगला जाऊन युद्धनौकांची मदत मागितली व त्याबद्दल त्यांना १८०१ मध्ये देहदंड झाला.’ हासांग म्हणजे आपल्या देशात धर्मगुरू आणण्यासाठी झटलेला कोरियन ख्रिस्ती हुतात्मा. त्याच्यावरच्या या एका वाक्यात चार चुका. इतकी काटकसर खात्याच्या इतर कारभारात दिसली असती तर बरे झाले असते.

सन आधी निकालात काढू. १८०१ मध्ये हासांग सहा वर्षांचा होता. त्या वर्षी ख्रिस्ती असल्याबद्दल डोके उडवले ते त्याच्या वडिलांचे, चोंग याक-जोंग यांचे, सोलच्या सोसोमुन वेशीबाहेर. सावत्र भाऊही त्याच वर्षी गेला. काका चोंग याक-योंग, ज्यांना कोरिया ‘दासान’ या नावाने ओळखतो, ते अठरा वर्षे हद्दपारीत राहिले. हासांगचा शिरच्छेद २२ सप्टेंबर १८३९ चा. बाप आणि मुलगा यांच्या मृत्यूंत अडतीस वर्षे आहेत, आणि ती अडतीस वर्षे हाच सगळा विषय आहे. तीच तुम्ही गाळलीत.

आता ‘राजाचे राजदूत’. ज्या राजवटीने त्याला मारले, त्याच राजवटीचा राजदूत! १८३९ मध्ये गादीवर होता तो बारा वर्षांचा राजा होनजोंग, आणि पडद्याआडून कारभार आजीकडे. मराठी माणसाला वकील म्हणजे काय हे सांगायला नको: खलिता, सनद, पालखी, बरोबर स्वार. हासांगकडे यातले काहीच नव्हते. दर हिवाळ्यात जोसोन, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या, दरबाराचे शिष्टमंडळ नजराणा घेऊन पीकिंगला (आजच्या बीजिंगला) जाई. मुख्य वकील, उपवकील, लेखनिक आणि त्यांच्यामागे दुभाषे, वैद्य, व्यापारी, हमाल, मोतद्दार मिळून दोन-तीनशे माणसे. १८१६ मध्ये एकविसाव्या वर्षी हासांग या तांड्यात शिरला तो दुभाष्याचा नोकर म्हणून. घराणे विद्वानांचे, आणि पाठीवर दुसऱ्याचे बोचके. अशा नऊ खेपा त्याने केल्या.

समुद्राचा तर संबंधच नाही. वाट खुष्कीची: हान्यांग म्हणजे सोल, मग केसोंग, प्योंगयांग, सीमेवरचे उइजू, गोठलेली यालू नदी, पलीकडे चीनची कुंपणवेस, पुढे शेनयांग, शानहाइग्वान आणि पीकिंग. एका बाजूने सुमारे तीन हजार री, म्हणजे बाराशे किलोमीटर, आणि तेही मांचुरियाच्या थंडीत. तांडा वर्षअखेरीस निघे, वसंतात परते. हे वेळापत्रक कळल्याशिवाय या माणसाचे आयुष्य कळत नाही. एक निरोप चुकला, एक माणूस वेशीवर वेळेत पोचला नाही, बर्फ लवकर वितळला, की पुढची संधी बारा महिन्यांनी. काम वीस वर्षे चालले ते यामुळेही. पत्रे रेशमावर लिहून अंगरख्यात शिवायची रीत त्याच्या आधीच्या पिढीची. कागद चुरगळला की खडखडतो, रेशीम आवाज करत नाही. पीकिंगला पोचल्यावर मात्र चर्चमध्ये जाणे फारसे अवघड नव्हते, कारण तिथली घड्याळे नि चित्रे पाहायला कोरियन मंडळी नेहमी जात. अवघड होते ते तिथून कोरियासाठी धर्मगुरू मिळवणे.

का मिळत नव्हते? पुस्तिकेत याचा शब्द नाही. १८०१ मध्ये कोरियातला एकमेव धर्मगुरू, चिनी फादर जोउ वेनमो, मारला गेला होता. पीकिंगचे बिशप गुव्हेआ १८०८ मध्ये वारले. त्यांच्या जागी नेमलेल्या बिशपांना चीन सरकारने शहरात येऊ दिले नाही, ते पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकावलाच बसून राहिले. म्हणजे अर्ज करायचा तर अर्ज घेणारी खुर्ची रिकामी. (ओळखीचे वाटते ना?) पीकिंगचा धर्मप्रांत पाद्रोआदोखाली, म्हणजे चर्चच्या कारभारावरच्या पोर्तुगीज राजाच्या हक्काखाली, आणि गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होता. तेव्हा त्यातून बाहेर पडून रोमच्या प्रोपागांडाला, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याला, थेट गाठायचे, असा मार्ग निघाला. पाद्रोआदो आणि प्रोपागांडा या भांडणाने मुंबईची चर्चेसुद्धा दोन तटांत वाटली होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे शब्द अजून ठाऊक आहेत. हा एक धागा तुमच्या लेखकाला सापडला असता, तर कोरियाचा इतिहास इथल्या वाचकाला आपल्या अंगणातला वाटला असता.

हासांग एकटा नव्हता. यू चिन-गिल हा सरकारी दुभाषा, म्हणजे आत शिरायची किल्ली. कपाटाच्या आत चिकटवलेल्या जुन्या कागदावर धर्मग्रंथाचा तुकडा वाचून तो या वाटेला लागला, असे सांगतात. चो शिन-चोल हा तांड्यातला मोतद्दार, वाटेवरचे प्रत्येक ठाणे पाठ असलेला. विद्वान, अधिकारी, मोतद्दार, अशी ती तिकडी. १८२५ च्या सुमाराचे त्यांचे पत्र मकावला लॅटिनमध्ये उतरवले गेले आणि १८२७ मध्ये रोमला पोचले. प्रोपागांडाचे प्रमुख होते कार्डिनल कापेल्लारी. तेच १८३१ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे झाले आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला त्यांनी कोरियाचा स्वतंत्र धर्मप्रदेश उभा केला. त्याचे पहिले बिशप ब्रुगिएर चीन ओलांडून वेशीकडे निघाले, पण ऑक्टोबर १८३५ मध्ये वाटेतच वारले. जानेवारी १८३६ मध्ये फादर मोबां गोठलेली यालू पार करून, उइजूच्या तटातल्या पाण्याच्या भोकातून आत आले. पुढे शास्तां आले, आणि १८३७ अखेर बिशप आंबेर. कोरियात शिरताना ते शोकवस्त्रे घालत, कारण सुतकातला माणूस मोठ्या टोपीखाली तोंड झाकतो आणि त्याच्याशी कोणी बोलायला जात नाही. उलट दिशेने डिसेंबर १८३६ मध्ये तीन मुले मकावला शिकायला धाडली. त्यांतला किम तेगोन पुढे पहिला कोरियन धर्मगुरू झाला. ही पाठवणी आणि आणवणी हासांगच्याच हातून झाली.

आता ज्यासाठी हे पत्र, त्या युद्धनौका.

युद्धनौका मागणारा माणूस वेगळा: ह्वांग सायोंग. तो हासांगच्या चुलतबहिणीचा नवरा, म्हणून लेखकाची गल्लत झाली असेल, असे आम्ही पहिल्या वेळी मोठ्या मनाने म्हटले होते. १८०१ मध्ये बेरोनच्या कुंभारवस्तीतल्या भुयारात दडून त्याने ६२ बाय ३८ सेंटिमीटरच्या रेशमावर तेरा हजारांहून अधिक अक्षरे लिहिली. त्यात छळाची हकीकत होती, आणि शेवटी शेकडो पाश्चात्त्य जहाजे नि पन्नास-साठ हजार सैनिक धाडण्याची विनंती. पत्र देशाबाहेर गेलेच नाही. ते पकडले, ह्वांगचे तुकडे केले आणि त्यानंतर दरबाराच्या लेखी प्रत्येक ख्रिस्ती माणूस परक्या फौजेचा हस्तक ठरला. १९८४ मध्ये संत ठरवलेल्या १०३ हुतात्म्यांत ह्वांग नाही, २०१४ मध्ये ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलेल्या १२४ जणांतही नाही. चर्चलाही तो रेशमी तुकडा सहज गिळता आलेला नाही.

बड्या जहाजाची कल्पना त्या समाजात १७९० च्या दशकापासून घोळत होती, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न जहाजातून धर्मगुरू उतरायचे की तोफा, हा आहे. हासांगला धर्मगुरू हवे होते, आणि एक मेला की सगळे थांबू नये म्हणून एकामागून एक यायला हवे होते. फ्रेंच आरमार कांगह्वा बेटावर चालून आले ते १८६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. त्याची किंमत स्थानिक ख्रिस्ती लोकांनी मोजली: मारल्या गेलेल्यांचा आकडा कोणी आठ हजार सांगतो, कोणी दहा. हासांगला नौकांशी जोडणे म्हणजे १८३९ च्या आरोपपत्राची मराठी आवृत्ती काढणे, तीही सरकारी खर्चाने.

त्या आरोपाला त्याने स्वतः उत्तर दिले होते, आणि तेही एका मंत्र्याला लिहून. अटक होणार हे ओळखून त्याने निवेदन तयार ठेवले आणि पकडल्यावर ते ‘उजवे मंत्री’ (दरबारातले एक वरिष्ठ पद) यी जी-योन यांच्याकडे गेले. ‘सांगजेसांगसो’, म्हणजे मंत्र्यास सादर पत्र. अभिजात चिनीत, तीन-साडेतीन हजार अक्षरांचे. आम्ही आई-बापाचा मान राखतो, राजाशी निष्ठेने वागतो, आमचा धर्म कुणाचे वाईट शिकवत नाही, असे त्यात एकेक मुद्दा घेऊन मांडले आहे. जोडपत्रात पितर म्हणून पूजल्या जाणाऱ्या लाकडी पाट्यांची गोष्ट: झोपलेल्या माणसापुढे ताट वाढले तरी तो जेवत नाही, मग मेलेला कसा जेवेल? आणि सुताराने घडवलेले लाकूड बाप कसे होईल? दोन हजार वर्षांच्या कन्फ्यूशियन शिष्टाचारापुढे हे बोलायला छाती लागते. गनिमाला बोलावणारा माणूस असे लिहीत बसत नाही. १८८७ मध्ये हाँगकाँगला हे निवेदन छापले गेले. आपल्या पुस्तिकेत त्याचे नावसुद्धा नाही, आणि कोरियन पक्वान्नांना मात्र चार पाने आहेत.

त्याला जुलैत पकडले, सप्टेंबरात मारले. आई यू सोसा नोव्हेंबरात तुरुंगातच वारली, बहीण चोंग-ह्ये हिचा डिसेंबरात शिरच्छेद झाला. निकाल द्यायला त्यांच्या मंत्र्याने दहा-अकरा आठवडे घेतले. आमच्या पहिल्या पत्राला चौदा महिने झाले. सहा पत्रे, दोन स्मरणपत्रे, एक माहिती अधिकाराचा अर्ज. हाती आली एक पोच, तीही दुसऱ्याच विषयाच्या क्रमांकाची. एका टेबलावर सांगितले, मजकूर कंत्राटदाराचा आहे; कंत्राटदार म्हणाला, मजकूर समितीने तपासला; समितीतल्या एका सदस्याने विचारले, कोणती समिती? पान ३१ वरची वाक्यरचना पाहिली की मजकूर यंत्राकडून भाषांतर करून छापला, हे शाळकरी पोरही सांगेल. निविदेत सर्वांत कमी दराची अट असते, मजकूर बरोबर असावा ही अट नसते.

आमचे दुखणे एका पानापुरते राहिलेले नाही. स्मारकाच्या पाट्या असोत, पाठ्यपुस्तके असोत की यात्रेच्या पत्रिका, कुठेही छळ सोसलेल्या माणसाने बाहेर हात पसरला की त्याच्या नावापुढे फितुरीचा शेरा आयताच तयार असतो. आत दाद मागायची सोय होती का, हे कुणी विचारत नाही. हासांगने दाद आतही मागितली, मंत्र्याच्याच हाती कागद दिला. तुमच्या लेखकाला तो कागद शोधायला एक दुपार पुरली असती.

मागणी छोटी आहे. पान १७ रद्द करावे. शिल्लक प्रतींवर चिकटवायला दुरुस्तीची पट्टी छापावी. मजकूर आम्ही सोबत जोडला आहे, साठ शब्दांचा, मानधन नको. हासांगचे चित्र म्हणून छापलेला राजमुकुटातला माणूस काढावा. मुकुट घातलेला नोकर आम्ही तरी कुठे पाहिला नाही. आणि पट्टी वसईच्या मुलांचा जथा विमानात बसण्याआधी लागावी. सोसोमुनला आता हुतात्म्यांचे संग्रहालय आहे. तिथे आमची मुले ही पुस्तिका हातात धरून उभी राहतील आणि यजमान विचारतील, यात काय लिहिले आहे.

आपले,
कोरियाच्या इतिहासाचे काही मराठी वाचक

सोबत: पान १७ ची प्रत, दुरुस्तीचा मजकूर, आणि आपल्या खात्याची ती चुकीच्या क्रमांकाची पोच, परत.