गोंदण पुसलेला फोटो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता फोनच सगळं करतो, फोटोग्राफीत कला उरली कुठे?’ हे पत्र गेल्या आठवड्यात वाचलं. १९८४ पासून पाचोऱ्यात माझा स्टुडिओ आहे, म्हणून राहवलं नाही.

तेव्हा रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग-सुरकुत्या झाकणं, पेन्सिलीने व्हायचं, थेट निगेटिव्हवर, म्हणजे काळं-पांढरं उलटं दिसणाऱ्या फिल्मवर. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हमध्ये फिकी, पारदर्शक असते. तिथे टोकदार शिशाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये सुरकुती गायब. भिंगातून बघत, श्वास रोखून करायचं काम. माझा हात त्यात चांगला बसला होता.

एक शेतकरी आईला घेऊन आला. सत्तरीच्या आजीबाई, पांढरं लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. मी सुरकुत्या भरल्या आणि त्या भरात गोंदणही भरून टाकलं. प्रिंट हातात घेऊन आजीबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मनं गोंदन कोठे गयं रे भाऊ?”

सोनंनाणं इथेच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं संगे येतं, असं आमच्याकडच्या जुन्या बायका मानतात. मी नेमकं तेच पुसलं होतं.

पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो, लिंबाच्या सावलीत बसवलं. नारिंगी फिल्टर लावला. कृष्णधवल फिल्मवर त्याने कातडी उजळते, हिरवा रंग गडद येतो. मागे चुन्याची भिंत, अंगावर पांढरं लुगडं. प्रकाश मोजणारं लाइट मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं समजून आकडा सांगतं, त्यामुळे इतकं पांढरं दिसलं की ते प्रकाश कमी करायला लावतं. त्याचं ऐकलं असतं तर चेहरा काळवंडला असता आणि गोंदण त्यात बुडालं असतं. फिल्टर अडवतो तेवढा प्रकाश हिशेबात धरून, वर दीड स्टॉप जास्त दिला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). पेन्सिल लावलीच नाही. गोंदण दिसलं पाहिजे हे आधी ठरलं, म्हणून तो दीड स्टॉप सुचला. यातलं तंत्र कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली, मला आजही वेगळं काढता येत नाही.

फोन आज चेहरे आपोआप गुळगुळीत करतो. माझीच जुनी चूक, फक्त क्षणात होते.

आपल्या चाळीसगावात छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) होऊन गेले. वर्षानुवर्षं त्यांनी घराचा उंबरा क्वचितच ओलांडला, पण टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा पाडून अख्खे देखावे उभे केले. रेल्वे स्टेशनजवळचं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, पाटणादेवीला जातात. वाटेत तासभर तिथेही थांबाव्यात, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती. माझी रिटचिंगची पेटी आणि आजीबाईंच्या दोन्ही निगेटिव्ह मी जपून ठेवल्या आहेत. मुलांना दाखवायला त्या घेऊन पाचोऱ्याहून मी स्वतः येईन.

आपला,
एक स्टुडिओवाला, पाचोरा (जि. जळगाव)