टाकीतील आटलेल्या पाण्याविषयी

धरमपेठ, नागपूर
दि. १९ मे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या टाकीतले जुने मासे धडधाकट असताना नव्याने आणलेले मासे दोन-चार दिवसांत का दगावतात, असे तू विचारले आहेस. त्याच पत्रात तू असेही लिहितोस की, पाणी आटले की बोअरचे पाणी घालून टाकी पुन्हा भरतोस आणि वर्षभरात पाणी बदलण्याची वेळच आली नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

टाकीतून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार मागेच राहतात. कुलरच्या ताट्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या आणि कडक होतात, त्या याच कारणाने. आता हिशेब मांडून पाहा. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीची पातळी एक इंच उतरली, तर पावणेपाच लिटरच्या आसपास पाणी गेलेले असते, आणि मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत एवढे पाणी जायला फार दिवस लागत नाहीत. समजा, टाकीत ५० लिटर पाणी आहे, त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि तू आठवड्याला तसलेच ५ लिटर पाणी घालतोस. म्हणजे दर आठवड्याला १,५०० मिलिग्रॅम क्षारांची भर पडते आणि दहा आठवड्यांत टाकीतले क्षारांचे प्रमाण दुप्पट होते. हा बदल इतका संथ असतो की आतले मासे त्याला सरावतात. दुकानातून आलेल्या माशाला मात्र तो एका क्षणात सोसावा लागतो.

म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी क्षारविरहित पाणीच घालावे. घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी त्यासाठी उत्तम. त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र कदापि वापरू नकोस, कारण क्षार त्यातच एकवटलेले असतात. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पातळीची खूण कर आणि रोज थोडे थोडे पाणी घाल. पातळी फार उतरू दिलीस तर फिल्टरची मोटर कोरडी चालून जळू शकते.

एवढ्याने पाणी बदलण्याचे काम सुटत नाही, कारण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारे नायट्रेटही वाफेबरोबर जात नाही. आधी आरओच्या पाण्याने पातळी खुणेपर्यंत आणावी, मग पाव हिस्सा पाणी काढून तेवढेच नेहमीचे पाणी भरावे. या वेळी निव्वळ आरओचे पाणी नको, कारण थोडे क्षार माशांनाही लागतात आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) त्यांच्यामुळेच स्थिर राहतो. आमच्याकडे पेंच आणि कन्हानचे क्लोरीन घातलेले नळाचे पाणी येते, त्यामुळे आम्हाला अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावे लागतात. तुझ्या बोअरच्या पाण्याला ती गरज नाही, परंतु ते किती जड, म्हणजे क्षारयुक्त, आहे हे टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) एकदा अवश्य तपास. तुझ्या टाकीत मात्र एकदम पाव हिस्सा बदलू नकोस. वर्षभर जड पाण्यात राहिलेल्या माशांना तो धक्का सोसणार नाही. दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलत क्षारांचे प्रमाण हळूहळू खाली आण आणि तोवर नवे मासे आणू नकोस.

पाणी आटते म्हणून टाकी काचेने घट्ट झाकावी, हा तुझा विचार मला पटत नाही. वाफ होताना ती पाण्यातली उष्णता घेऊन जाते, आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी झाकण काढून त्या जागी जाळी बसवतो आणि पाण्यावर लहान पंखा लावतो. त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आटणे वाढते, ते मी आनंदाने भरून काढतो. जुलैत हवा दमट झाली की या पंख्याचा उपयोग राहत नाही, तेव्हा तो बंद कर.

टीडीएसचे आकडे मला कळव. तुझ्या बोअरचे पाणी फारच जड निघाले, तर बदलाच्या पाण्यात आरओचे पाणी किती मिसळायचे याचे प्रमाण आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
विनायक