पावसातच ये

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
१२ जून

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी "होईल सगळं नीट" एवढंच बोलून फोन ठेवला. तेव्हापासून मनाला चैन नाही. बोलताना मला सुचत नाही, लिहायला बसलं की सुचतं, म्हणून हे पत्र.

लँडस्केप आर्किटेक्चरच्या तुझ्या आराखड्यात मधोमध भाताची खाचरं बघून परीक्षक म्हणाले, "हे शेत झालं, यात डिझाइन कुठं आहे?" आणि तू उत्तर न देता कागद गुंडाळून परत आलीस. बाबांना सांगितलं तर ते गप्पच बसले. धूळवाफ पेरणी आताच उरकली आहे, हातापायांची माती अजून निघालेली नाही. मला मात्र वाटलं, तू गप्प राहायला नको होतंस. उत्तर तुझ्याकडे होतं. दिवाळीत तूच ते मला दाखवलं होतंस.

कोंगजियान यू, बागा आणि नदीकाठ आखणारे चीनचे लँडस्केप आर्किटेक्ट. त्यांना जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. २०२५ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधल्या पाणथळ प्रदेशात माहितीपटाचं काम चालू असताना विमान कोसळून ते गेले, आणि तू घरातलं माणूस गेल्यासारखी बोलत होतीस. तू परतल्यावर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं, मुलाखती ऐकल्या. त्यांच्या लहानपणाबद्दल वाचताना मला आपल्याच शिवारात फिरल्यासारखं झालं. १९६३ मध्ये झेजियांग प्रांतातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म. दहाएक वर्षांचे असताना भर पावसाळ्यात गावच्या ओढ्यात पडले. काठच्या वाळुंजांनी आणि लव्हाळ्यांनी पाण्याचा जोर मोडला होता. त्यांनाच धरून ते बाहेर आले. पुढं बीजिंगला वनविद्येच्या विद्यापीठात शिकले, १९९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, अमेरिकेत नोकरी केली आणि १९९७ मध्ये मायदेशी परत आले. तेव्हा तिकडं गावोगावच्या नद्यांना सिमेंटच्या भिंती घालण्याचा सपाटा चालला होता. त्या भिंतींशी हा माणूस जन्मभर भांडला.

१९९८ मध्ये काढलेल्या कार्यालयाला त्यांनी नाव दिलं तुरेनस्केप. 'तु' म्हणजे माती, 'रेन' म्हणजे माणूस. दोन्ही मिळून होणारा शब्द चिनी भाषेत गावंढळ माणसालाही लावतात. तोच त्यांनी दारावर लिहिला. बाळ, तू पहिल्या वर्षी वर्गात आपली शेती आहे हे सांगायचं टाळलं होतंस. तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला ते लागलं होतं.

आता त्या परीक्षकांना द्यायचं उत्तर. चीनमधल्या शेनयांगला वास्तुकलेच्या विद्यापीठाचा नवा परिसर व्हायचा होता. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. यूंनी तिथं लॉन केलं नाही, भात लावला. पावसाचं पाणी तळ्यात साठवायचं आणि तेच खाचरांना द्यायचं. खाचरांतून सरळ पायवाटा, अधूनमधून वाचत बसायला चौकोनी जागा. लावणीला विद्यार्थी, कापणीला विद्यार्थी, आणि आलेला तांदूळ पाहुण्यांना भेट. याच कामाला पुढं अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

पण त्यांनी केलं म्हणून मीही केलं, एवढ्यावर भागणार नाही. खाचर का, हे तुला सांगता आलं पाहिजे. आणि ते तुझ्याइतकं त्या वर्गात कुणाला माहीत असणार? वरच्या वाफ्यात वीतभर पाणी धरायचं, बांधाला पाणी जायला मोड ठेवायची, जास्तीचं खालच्या वाफ्यात सोडायचं, तिथून आणखी खाली. धावत आलेलं पाणी शिवाराच्या टोकाला पोचेपर्यंत चालायला लागतं. यूंच्या स्पंज सिटीचा गाभा हाच. पाणी पडेल तिथं धरा, त्याचा वेग मोडा, आणि तरी पूर आला तर त्याला बसायला जागा ठेवा. २०१२ च्या जुलैत बीजिंगमध्ये पुरानं ७९ माणसं दगावली, तेव्हा सरकारला त्यांचं म्हणणं पटू लागलं आणि २०१५ मध्ये १६ शहरांत ते करून बघायला घेतलं. आज्जा हेच सांगायचे, "पाण्याला दटावू नये, वाट दाखवावी."

बांधलेल्या पायांचं त्यांचं बोलणं तर माझ्या मनातून जात नाही. चीनमध्ये पूर्वी मुलींचे पाय लहानपणी आवळून बांधायचे. चालता येईना, काम करता येईना, आणि त्यालाच सौंदर्य म्हणायचं. आजची शहरातली बाग, कातरलेलं गवत, दगडी काठ घातलेली नदी, हे सगळं त्यांना तसंच बांधलेलं पाऊल वाटायचं. त्यांना हवं होतं मोठं पाऊल, चिखलात उतरणारं. लावणीच्या दिवसांत आज्जीच्या टाचांना पडलेल्या भेगा तू पाहिल्या आहेस.

आपल्याकडं काय चाललंय ते तुला वेगळं सांगायला नको. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचते, काठ आवळत जातात, आणि पावसानं जोर धरला की वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पाणी उभं राहतं. भाताला पाणी लागतं, पण बुडालेलं रोप कुजतं, हे शहरातल्या माणसाला पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टात बाबा बांधावर उभे राहून नुसते बघत होते. लावलेला बासमती पाण्याखाली, काही करता येत नव्हतं. यूंच्या गावाकडच्या जिन्हुआ शहरात त्यांनी नदीकाठची पूरभिंतच काढली, तिथं झाडाझुडपांच्या पायऱ्या केल्या आणि माणसांसाठी वरून पूल नेला. पावसाळ्यात बाग बुडते आणि बुडावी म्हणूनच ती तशी केली आहे. इतकं मोठं काम आपल्या नाल्यावर होईल का, मला सांगता येणार नाही. शिवाय २०२१ मध्ये चीनमधल्याच झेंगझोऊ शहरात तासाभरात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिथली स्पंजची कामंही अपुरी पडली. परीक्षकांनी हे विचारलं तर लपवू नकोस. एवढा पाऊस कुठल्याच आराखड्यात मावत नाही, पण रोजचा पावसाळा मावतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मुख्याध्यापिका असताना शाळेच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक मीच घालून घेतले. चिखल नको, मुलांचे कपडे मळायला नकोत, पंधरा ऑगस्टला पटांगण चांगलं दिसावं. पाहुण्यांनी कौतुकही केलं. दोन वर्षांत कोपऱ्यातल्या जांभळाचा शेंडा वाळायला लागला, आणि पूर्वी मातीत जिरणारं पाणी वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागलं. कागदावर सही माझी होती. तुझं शिक्षण किती गरजेचं आहे, हे मला त्या जांभळापाशी उभं राहून कळलं.

झाडांबद्दल एकच. आपला एकच जिल्हा, पण कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी पाऊस थांबता थांबत नाही आणि अथणीला लोक ढगाकडं डोळे लावून बसतात. खानापूरकडं तांबडी माती आणि जांभा, पूर्वेला काळी. दोन्हीकडं एकाच नर्सरीतली एकाच जातीची रोपं कशी चालतील? हिरवं दिसतं आणि झटपट वाढतं म्हणून सगळीकडं लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरातला २०२३ मध्ये बंदी घालावी लागली. करंज, उंबर, ऐन, किंजळ यांची नावं तुझ्या वहीत आहेतच. ती आराखड्यावर येऊ देत.

नोकरीची घाई करू नकोस. पैशाचं बाबा आणि मी बघतो. पुढच्या महिन्यात आराखडा पुन्हा मांडायचा आहे ना? मांड. खाचरं काढू नकोस. फक्त प्रत्येक बांधाची उंची, उतार आणि जास्तीचं पाणी कुठून कुठं जातं, हे आकड्यांत लिही. बाबांना विचार, त्यांना पावलांनी सांगता येतं, तू मीटरमध्ये कर.

आणि ते झालं की सुट्टी ऑक्टोबरात नको, जुलैच्या शेवटी घे. पावसातच ये. शाळेत मी बोलून ठेवलं आहे, जांभळाभोवतीचे ब्लॉक काढायला ते तयार आहेत, पण किती काढायचे आणि पाणी कुठं वळवायचं, ते तू सांगायचं. पाऊस चालू असताना पटांगणात उभं राहूनच ते कळेल. तुझं ते लेव्हल बघायचं यंत्र मिळत असेल तर आण. गमबूटही घेऊन ये, इथले तुझे शाळेतले आता पायात जात नाहीत.

तुझी
आई