करी ट्रॅकवरच्या कोल्हापूरच्या दादांना थँक्यू

दादा, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण वाचलंत की कळेलच. मी ती पुण्याची, लाल स्विफ्टवाली.

नवऱ्याने कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, बुक केला तेव्हा घरातले सगळे हसले होते, कारण माझी मजल बाणेर ते हिंजवडी, तीही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये. कोइम्बतूर म्हणजे फॉर्म्युला वनवाल्या नारायण कार्तिकेयनचं गाव, करी मोटर स्पीडवे २००३ ला सुरू झाला, २.१ किमीचा आहे, फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी बनवणाऱ्या करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय, असलं सगळं वाचून मी अजूनच टेन्शन घेऊन आले होते, त्यात पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, जिकडे तिकडे तमिळ नाहीतर इंग्लिश. आणि मला शिकवायला तुम्ही हेल्मेट काखोटीला मारून आलात, नंबरप्लेट बघितली आणि म्हणालात, "एमएच बारा होय? मग आधी हॉर्नवरचा हात काढा." तिथेच अर्धी भीती गेली.

आधी तुम्ही माझी गाडी रिकामी केलीत. पाण्याची बाटली, छत्री, फ्लोअर मॅट, सगळं बाहेर, कारण बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली गेली तर पाय दाबून उपयोग नाही. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र तुम्ही नमस्कार करून काढलात आणि माझ्या ओढणीत गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलात. मग सीट. पाठ टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला टेकलं पाहिजे, आणि हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे. इतकी वर्षं गाडी चालवतेय पण मला सीट लावायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं हो, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी तर एच काढायला लावला आणि सोडून दिलं.

मला वाटलेलं आता पळवायला लावणार, तर तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला अजिबात पाय न लावू देता मला फिरवत बसलात. वैताग आला होता खरं सांगते! हेल्मेटमध्ये तुमचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून तुम्ही काचेसमोर नुसतं बोट धरायचात, वळणाच्या आतल्या बाजूला खुणेसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनकडे, आणि मी त्या कोनपाशी पोचायच्या आधीच ते बोट पुढच्या वळणाकडे गेलेलं असायचं. मी आपली बघतेय समोरच्या डांबराकडे. "ताई, बोनेटकडं काय बघाय लागलाय, तिकडं बघा की, गाडी येतीया आपोआप!" आणि खरंच येत होती. नजर पुढे गेली की हात आपोआप हळू फिरतात, स्टिअरिंगला झटके बसत नाहीत आणि गाडी वळणातून बाहेर पडताना रुंदीला पाहिजे तेवढीच जाते. ब्रेक न लावता फिरवण्यामागचं लॉजिक तेव्हा कळलं.

ब्रेक नंतर आला. सरळ रस्त्यावरच जोरात दाबायचा, मग वळताना हळूहळू सोडायचा. आपण घाटात बरोब्बर उलटं करतो, आत शिरतो आणि मग घाबरून पाय मारतो, वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटायला बघतं. हे तुम्ही बोनेटवर चहाचा कप ठेवून समजावलंत, तो चहा सांडला, पण कळलं.

आणि ती मागून आलेली पोलो! माझा जीव आरशात अडकलेला. तुम्ही म्हणालात, सरळ रस्ता आला की हात बाहेर काढून त्याला कुठल्या बाजूने पुढे जायचं ते दाखवा, तोवर आपली लाईन सोडू नका, मागच्याची काळजी मागचा घेतोय. हायवेवर डिपर मारत अंगावर येणाऱ्यांना हे कोण शिकवणार देव जाणे.

शेवटच्या राउंडला गाडी थंड करत आणली तरी ब्रेकचा जळका वास येत होता, मी सवयीने हँडब्रेककडे हात नेला आणि तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! तापलेल्या ब्रेकवर तो ओढायचा नसतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावायची, हे आता ताम्हिणीतून खाली उतरल्यावर मी नवऱ्याला ऐकवते.

लॅप टायमिंग तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, तेही बरंच केलंत, नाहीतर मी त्याच्याच मागे लागले असते.

हील-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक दाबत ॲक्सिलरेटरही द्यायचं तंत्र, शिकायचं राहिलंय, त्यासाठी परत येणार आहे. जयसिंगपूरचं भडंग तिकडे मिळत नाही म्हणालेलात ना, येताना मोठा डबा घेऊन येते, तिखटवालं. नवऱ्यालाही आणतेय, त्याला त्या बोटाची जास्त गरज आहे.