गावठाणातल्या कोंबड्या बंद करू नका, आधी खुराड्यातला लाल माइट ओळखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या वाचकांच्या सदरात मागच्या आठवड्यात नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, घरात रात्री बारीक लाल किडे चावतात, अंगावर पुरळ उठतं, लहान बाळ झोपत नाही, आणि हे सगळं शेजारच्या गावठाणातल्या कोंबड्यांमुळे होतंय म्हणून महापालिकेने गावठाणातल्या कोंबड्या बंदच कराव्यात. बाळाचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण मी करावे गावात राहते, आमच्याकडे सासूबाईंच्या आधीपासून कोंबड्या आहेत, आणि त्या पत्रात अर्धं बरोबर आणि अर्धं चुकीचं आहे असं मला वाटतं, म्हणून लिहितेय. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली आली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या गावातल्या प्रत्येक दारात खुराडं होतं, ते एका पत्राने जाऊ नये.

आधी हा किडा काय आहे ते सांगते. ह्याला पोल्ट्रीवाले रेड माइट म्हणतात, आमच्याकडे बायका सरळ "कोंबडीच्या उवा" म्हणतात, पण ती ऊ नाही, ही गोचिडीच्या जातकुळीतली आठ पायांची बारकी गोष्ट आहे, जेमतेम एक मिलिमीटर. उपाशी असली की करडी दिसते आणि रक्त पिऊन फुगली की लाल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही दिवसा कोंबडीच्या अंगावर राहतच नाही. दिवसभर खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांडीच्या खाली, पत्र्याच्या जोडात, अंडी घालायच्या टोपलीच्या विणीत लपून बसते, अंधार पडला की बाहेर येते, अर्धा-एक तास रक्त पिते आणि परत फटीत. त्यामुळे लोक दिवसा कोंबडी उचलून पिसं बघतात, काही दिसत नाही, आणि मग कोंबडी का सुकत चाललीय ते कळतच नाही. तुरा पांढुरका पडतो, अंडी कमी होतात, पिल्लं तर मरतातच, आणि सगळे म्हणतात मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, आली. मानमोडीची लस द्यायलाच हवी, पण हा माइटचा त्रास वेगळा आहे.

आमच्या शेजारच्या काकींचंच बघा. मे महिन्यात त्या मला म्हणाल्या, "कोंबऱ्या खुराऱ्यान जातच नाय गो." संध्याकाळ झाली की सगळ्या शेवग्यावर जाऊन बसायच्या, हाकलून आत घातल्या तरी रात्रभर पाय आपटायच्या. मी रात्री टॉर्च घेऊन गेले आणि बसायच्या दांडीचं टोक जिथे भिंतीच्या खाचेत बसतं तिथून ती दांडी उचलली. खालच्या बाजूला राखेसारखी करडी भुकटी साचलेली, आणि टॉर्चचा उजेड पडल्यावर ती भुकटी हलायला लागली. पांढरा टिश्यू पेपर दांडीच्या खालून फिरवला तर त्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. एवढी एक तपासणी पुरते, त्याला डॉक्टर लागत नाही. अंड्यांवर बारीक लाल ठिपके दिसले तरी हाच संशय घ्यायचा. मात्र दुसऱ्या जातीचा एक माइट कोंबडीच्या अंगावरच, शेपटीखाली मागच्या बाजूला राहतो, त्याला कोंबडीवरच उपचार लागतो, म्हणून दिवसा तिथली पिसं उचलून बघायची आणि रात्री दांडी बघायची, दोन्ही.

आता विषयाचा जो भाग मला सगळ्यात जास्त टोचतो तो. काकींच्या मुलाने पनवेलच्या बाजूच्या एका दुकानातून भाजीवर फवारायचं औषध आणलं, दुकानदार म्हणाला हे मारा, एका दिवसात साफ. मारणार होता ते कोंबड्यांच्या अंगावर आणि अंड्यांच्या टोपलीत! मी बाटली काढून घेतली. अहो ती अंडी घरातली पोरं खातात, बाळंतिणीला देतात, गावठी म्हणून टॉवरमधले लोक जास्त पैसे देऊन घेऊन जातात. 2017 साली युरोपात नेमकं हेच झालं होतं, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ह्याच लाल माइटसाठी पोल्ट्री शेडमध्ये फवारलेल्या औषधात बेकायदेशीरपणे फिप्रोनिल मिसळलेलं निघालं, ते अंड्यांमध्ये उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. फिप्रोनिल म्हणजे कुत्र्याच्या गोचिडीवर मानेवर टाकतात ते आणि आपल्याकडे पिकांवर, वाळवीवरही वापरतात ते. एवढ्या कडक नियमांच्या देशांत हे घडतं तर आपल्याकडे काउंटरवरून सुटी बाटली देताना कोण विचारतंय की हे कशावर मारणार? कोंबड्यांसाठीची औषधं आहेत, पण ती पशुवैद्याने सांगितलेली, सांगितलेल्या प्रमाणात, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारूनच वापरायची.

आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम औषधाशिवाय होतं, फक्त अंगमेहनत आहे. किडा खुराड्यात राहतो तर उपाय खुराड्यावर करायचा. कोंबड्या बाहेर काढायच्या, तूस किंवा भुसा जे खाली टाकलंय ते सगळं पिशवीत बांधून बाहेर, दाराशी ढीग करून ठेवायचा नाही नाहीतर किडे रात्री परत चालत येतात. दांड्या, टोपल्या, फळ्या सुट्या करून उन्हात टाकायच्या. मग उकळतं पाणी, अक्षरशः उकळतं, फटीफटीत ओतायचं, कारण पंचेचाळीस अंशांच्या वर हा किडा टिकत नाही. जिथे पाणी ओतता येत नाही तिथे साबणाचं दाट पाणी ब्रशने घासून भरायचं. मोठ्या पोल्ट्रीत रिकाम्या शेडला फ्लेम गन मारतात, ती गावठाणात नको, आमची घरं एकाला एक चिकटलेली, वर लोंबणाऱ्या वायरी, आणि खुराडं लाकडाचं. रॉकेलचा बोळा फिरवायची जुनी पद्धत पण त्याच कारणासाठी सोडून द्या. सुकल्यावर फटी पुट्टीने बुजवायच्या आणि वरून चुना मारायचा, चुन्याने बारीक भेगा भरतात आणि किड्याला लपायला जागा राहत नाही.

हे एकदा करून गप्प बसलात तर फुकट गेलं. अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि उकाड्यात आठवड्याभरात अंड्यापासून मोठा माइट तयार होतो, म्हणून पाच-सहा दिवसांनी परत तेच, आणि त्यानंतर आणखी एकदा. बरेच जण पहिल्या सफाईनंतर चार दिवस बरं वाटलं की सोडून देतात आणि पंधरा दिवसांनी म्हणतात काही उपयोग नाही. खुराडं नुसतं रिकामं ठेवूनही हा जात नाही, थंड हवेत आठ-आठ महिने उपाशी जगल्याची नोंद आहे, आपल्याकडच्या उन्हात तेवढा नाही जगणार पण तुम्ही गणपतीला गावाला जाऊन याल तोपर्यंत नक्की थांबेल.

मग दांडी भिंतीत खोचायची नाही. चार पायांचा स्टँड करून त्यावर दांडी ठेवायची आणि प्रत्येक पाय तेल घातलेल्या डब्यात, पूर्वी मुंग्या लागू नयेत म्हणून जाळीच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तसं. दांडी कुठेही भिंतीला टेकता कामा नये. आणि नालीदार पुठ्ठा, खोक्याचा असतो तो, त्याची गुंडाळी करून दांडीच्या खाली बांधून ठेवायची, किडे त्या नळ्यांमध्ये लपायला जातात, तीन-चार दिवसांनी ती गुंडाळी पिशवीत घालून लांब नेऊन जाळून टाकायची आणि नवीन बांधायची. काकींच्या पहिल्या गुंडाळीत एवढे निघाले की त्यांनी बाकीच्या बायकांना बोलावून दाखवलं, आणि त्यानंतर आमच्या आळीत रात्री टॉर्च घेऊन दांड्या तपासायची सवयच लागली.

कोंबड्यांना कोरड्या राखेची आणि मातीची खड्डाभर जागा ठेवा, त्या त्यात लोळतात आणि पिसं साफ ठेवतात. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी पावडर ऑनलाइन मिळते, ती किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडून त्याला सुकवून मारते, चांगली आहे, पण आमच्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, ती ओल धरते आणि तिचा जोर कमी होतो, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका, आणि टाकताना तोंडाला फडका बांधा. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीचं ऊन, एकदा आषाढ लागला की खुराडं सुकतच नाही. गटारीला कोंबडे विकून खुराडं अर्धं रिकामं होतं तेव्हा तरी हात फिरवून घ्यावा.

आता त्या सीवूड्सच्या गृहस्थांना. तुमच्या पत्रात तुम्ही अकराव्या मजल्यावर राहता असं लिहिलंय. गावातल्या खुराड्यातून निघून हा किडा अकरा मजले चढून तुमच्या बाळापर्यंत येत नाही हो. हाच माइट कबुतरांच्या आणि चिमण्यांच्या घरट्यात पण राहतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा डक्टमध्ये कबुतराने घरटं केलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, की मागे राहिलेले उपाशी माइट खिडकीच्या फटीतून आत येतात आणि माणसाला चावतात. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, माणसाच्या रक्तावर त्यांचा निभाव लागत नाही, पण चावल्यावर खाज भयंकर सुटते आणि डॉक्टरसुद्धा बऱ्याचदा ढेकूण किंवा खरूज समजतात. 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, पण बोलणं बहुतेक फुफ्फुसाच्या आजाराचंच झालं, ह्या किड्याचं कोणी बोललं नाही. तर कृपा करून आधी तुमच्या एसीच्या मागे बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, मग मास्क आणि ग्लोव्हज घालून घरटं काढा, ती जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि जाळी लावा. नुसतं गादीवर ढेकणाचं औषध मारून घेतलंत तर पैसे जातील आणि घरटं तसंच राहील.

खुराड्यात किडे झाले तर कोंबड्या पाळणाऱ्या घरातल्या माणसांना चावतात हे खरं आहे, अगदी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यालाही त्रास होऊ शकतो, आणि तिथे सफाईची जबाबदारी आमचीच, त्यात मला काही पळवाट काढायची नाही.

महापालिकेकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे माझं मागणं सोपं आहे. दरवर्षी मे महिन्यात करावे, दारावे, दिवाळे, सारसोळे अशा गावांमध्ये पशुवैद्याची एक फेरी ठेवा, मानमोडीची लस द्या आणि तेव्हाच खुराडी तपासा. जनावरांसाठी 1962 हा फोन नंबर आहे, तो खेड्यापाड्यातल्या गाई-म्हशींसाठी आहे असंच इथे सगळे समजतात, शहरातल्या गावठाणाला त्याची मदत मिळेल की नाही हे स्पष्ट सांगा. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, एवढी जाणकार माणसं लोकल ट्रेनच्या अंतरावर असताना आमच्या बायकांनी भाजीच्या औषधाच्या दुकानदाराला का विचारायचं? आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत घरच्या कुत्र्या-मांजरांवर दर आठवड्याला लिहून येतं, तिथे एखादा रविवार एखाद्या पशुवैद्याकडून कोंबड्यांवर लिहून घ्या, मे महिना लागायच्या आत.

आपली नम्र,
एक वाचक, करावे गाव, नवी मुंबई